निरोप्या

सूरच्या बंदरात, जहाजं बांधतात त्या आवारात,
सागवानाचा भुसा अजून माझ्या नखांत आहे.
उद्या पहाटेची बस मस्कतला, मग विमान.
खाटेवर बॅग उघडी. तिच्यात माझं थोडं,
बाकी लोकांचं:
रफीउद्दीनच्या मुलीचा चष्मा, बनियनमध्ये गुंडाळलेला,
मुस्तकीमच्या आईसाठी गुडघ्याच्या मलमाच्या अकरा ट्यूब,
आणि एका पाकिटावर नावच नाही,
नुसतं 'मोहल्ल्यात, विहिरीसमोर'.
शिवाय काट्यावर न चढणारे निरोप.

आमच्या भाषेत एकच शब्द आहे.
सांगून पाठवायचं, तोही निरोप.
सोडून जायचं, तोही.

इशाच्या नमाजनंतर वस्ताचाचा म्हणाला,
एक लाख चोवीस हजार आले म्हणतात.
किताबात नावं पंचवीस.
बाकीचे?
बाकीचे त्याला माहीत.
पण प्रत्येक कौमेत आला कुणीतरी,
आणि बोलला तो त्यांच्याच बोलीत.

मग आमच्या खाडीतही आला असेल?
खाजणाच्या बांधावर, पोटऱ्यांपर्यंत चिखल,
आमच्याच हेलात म्हणाला असेल, 'आयका रं'?
चाचा हसला नाही.
त्याने जिथे नाव सांगितलं नाही
तिथे आपण नाव ठेवू नये, एवढंच म्हणाला.

नूहनेही असंच लाकूड तासलं असेल, मी म्हटलं.
साडेनऊशे वर्षं सांगत राहिला तो,
आणि पोटचा पोरगा चढला नाही जहाजात.
तरी त्याचा निरोप कमी पडला
असं कुणी म्हणत नाही.
पोचवणं तेवढं त्याच्याकडे होतं.

चाचाला माहीत नाही
मागच्या वर्षी मी काय केलं ते.

मुनीर खलफेने सांगितलं होतं,
अब्बांना सांग, मी आता येणार नाही.
इकडेच संसार थाटलाय. वाट बघू नका.
अख्खा समुद्र ओलांडून मी ते वाक्य
न सांडता नेलं, त्याच्या अंगणापर्यंत.
म्हातारा जवळा सुकवत होता.
त्याने लुंगीला हात पुसले, माझ्यासाठी खुर्ची झटकली,
आणि माझ्या तोंडून निघालं:
'येणार आहे. जरा उशीर लागेल.'
एक 'नाही' मी खिशात घातला.
दया आली, असं स्वतःला सांगितलं.

आता कळतंय, दर जुम्याला
म्हातारा इस्त्रीची टोपी घालून जेटीवर बसतो.
तिथे तो मुनीरच्या नव्हे,
माझ्या शब्दाची वाट बघतो.

मदरशात घोकलं होतं, नबी कसे असतात:
सच्चे, अमानतदार, पोचवणारे, शहाणे.
उस्तादांच्या छडीच्या तालावर घोकलं, पास झालो.
आज रंधा बाजूला ठेवताना वाटतं,
दगड मारणाऱ्यांपुढे खरं बोलणं एक वेळ जमेल.
पण खुर्ची झटकून देणाऱ्यापुढे
एक अक्षर इकडचं तिकडे न करणं?
त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलंच असेल.
शब्दात येऊ दिलं नाही.

तौबा, मी कुठे, ते कुठे.
शेवटचे मदिन्यात विसावलेत, त्यांच्यावर सलाम.
त्यांच्यानंतर ते दार बंद.
पण लोकांची अमानत उचलायची
ती ज्याच्या त्याच्या बॅगेत राहिलीच.

मासळीच्या काट्याला बॅग टांगली. एकतीस किलो.
माझे नवे बूट बाहेर काढले.

मग आवाराच्या टोकाला, ओहोटीकडे तोंड करून,
मी तीनदा म्हणून बघितलं,
'चाचा, मुनीर येनार नाय.'
पहिल्यांदा घसा बसला.
दुसऱ्यांदा 'बहुतेक' मधे घुसला, त्याला हाकललं.
तिसऱ्यांदा नीट आलं.
अर्ध्या बांधलेल्या जहाजाखालच्या शेळीने वर पाहिलं,
आणि पुन्हा पुठ्ठा खाऊ लागली.