हरकत

पर्वरीला तीन दिवस प्रशिक्षण झालं.
चहा, सामोसा, आणि एक फाईल,
जिच्यावर शर्वाणीची मी शर्वरी झालेली.
हुकूम सोडू नका, मॅडम म्हणाल्या,
विनंती करा. इंग्रजी ही विनंतीची भाषा आहे.
मी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

परतीच्या कदंबात कंडक्टर ओरडत होता,
फुडें वच, फुडें वच गो,
आणि आम्ही सगळे पुढे सरकत होतो,
कुणाचंच मन दुखलं नव्हतं.

आमच्याकडे मान एका कान्यात मावतो:
बस. बसा.
इंग्रजीत सगळ्यांना यू,
देवाला, कुत्र्याला, भागशिक्षणाधिकाऱ्यांना,
मागच्या बाकावरच्या जानू झोरेला.
म्हणून मग क्रियापदाभोवती
ते कुंपण घालत बसतात, कुड, वुड, माइट,
आणि फाटकाशी उभं राहून खाकरतात.

केरीच्या पुढे, चोर्ल्याच्या पायथ्याला आमची शाळा.
आठवी. एकोणीस मुलं.
सोमवारी मी फळ्यावर लिहिलं, मोठ्यानं वाचलं:
वुड यू माइंड ओपनिंग द विंडो, जानू?
नियम असा, की उत्तर नो द्यायचं
आणि खिडकी उघडायची.
हा नियम मी अजून शिकवायची होते.

जानू धनगरवाड्यावरचा.
म्हशीला तो प्लीज म्हणत नाही,
टाळूला जीभ लावून एक बारीक आवाज काढतो,
ती वळते. कधी वळत नाही,
तेव्हा तिच्या बाजूला नुसता उभा राहतो.
तो उठला. खिडकीकडे बघितलं. विचार केला.
येस, टीचर, म्हणाला,
आणि खाली बसला.

कुणी हसलं नाही. कुणाला कळलंच नव्हतं.
मला कळलं, आणि कानशिलापाशी काहीतरी तापलं.
जानू, ऊठ. उघड ती.
प्लीज गेलं, वुड गेलं,
कान्याचा तर प्रश्नच नव्हता.

टीचर, थंय गांधीलां आसात,
तो म्हणाला, पण स्वतःशी म्हटल्यासारखं,
आणि उघडली.

पुनोमामा शिपायाच्या पानाच्या डब्यातला चुना
मी त्याच्या मनगटाला लावला. तीन डंख.
सॉरी, म्हणाले. सहज आलं ते तोंडात,
बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडल्यावर येतं तसं.
चुकलं माझं,
हे म्हणायला मधली सुट्टी संपत आली.
तोवर चुना सुकून त्याला भेगा पडलेल्या.
इट्स ओके, टीचर, तो म्हणाला,
धडा चौथा, पान एकतीस.

पोळं काढायला पुनोमामा काठी घेऊन आला होता.
राहूं दी, जानू म्हणाला, जातलीं तीं.
खिडकी बंदच राहिली.

पुढच्या महिन्यात भागशिक्षणाधिकारी आले.
वर्गात उकडत होतं. त्यांनी मान पुसली,
मुलांकडे पाहून हसले, अगदी फाईलीतलं हसू:
वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?
येस, सर,
एकोणीस जणांनी एका सुरात सांगितलं,
आणि हात बाकावर ठेवून बसून राहिले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
मग वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहू लागले.
काचेपलीकडे एक गांधील चालत होती,
थांबत, पुन्हा चालत.
उत्तर बरोबर आहे, सर, मी म्हणाले.