चढ

ज्या वर्षी पगार तीन हप्त्यांत मिळाला
त्या वर्षीची ही गोष्ट.
मिशिगन सरोवर काठापासून अर्धा मैल गोठलेलं,
कारखान्याच्या पाच चिमण्यांतल्या दोनच धुरकट,
आणि ड्रॉइंग ऑफिसात आम्ही सात जण
कोट न काढताच बसलेले,
कारण हीटिंग फक्त हिशेबनीसांच्या मजल्यावर चालू होतं.

वरून निरोप आला : नवी गाडी हवी.
नव्या पत्र्याला पैसे नाहीत, नव्या साच्यांना नाहीत,
इंजिनाचं तर नावच काढू नका.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
आमचं अंथरूणच बँकेत गहाण होतं.

तेव्हा बोहुमिल प्रुश्का,
मिशीला पेन्सिलीचं शिसं लागलेला, म्हणाला,
गाडी जुनीच ठेवू.
चारी चाकांना कामाला लावू.

आम्ही हसलो. चारी चाकांनी ओढणं
हे लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचं काम, लष्कराच्या जीपचं.
दात खिळखिळे करणारं.
आणि कोरड्या डांबरावर वळताना
पुढचा आस नि मागचा आस
भांडखोर जावांसारखे हिसके देत राहतात,
कारण प्रत्येक चाकाची वाट वेगळ्या लांबीची असते
आणि लोखंडाला हे समजावणार कोण?

सोमवारी त्यानं लोणच्याच्या बरणीत तेल आणलं.
सिलिकोनचं. पाण्यासारखं स्वच्छ, मधासारखं मंद.
यात चाळीसेक चकत्या, म्हणाला,
एक पुढच्या चाकांची, एक मागच्या चाकांची,
एकमेकींना न टेकणाऱ्या.
सावकाश फिरल्या तर तेल वाट देतं.
एक बाजू उधळली की तापतं,
आणि तापलं की आवळतं.

मेपलचा पाक तापला की पातळ होतो, मी म्हटलं.
हे उलटं, तो म्हणाला,
माझ्या आईसारखं. घाई केली की जागची हलायची नाही.

पहिलं कपलिंग जळलं.
दुसरं रात्री दोन वाजता, खाणीच्या रस्त्यावर,
असा वास आला की रुफोलो गाडी सोडून पळाला.
तिसऱ्याची नोंद मी ठेवली नाही. हात गारठले होते.

डिफरन्शिअल इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी टांगला,
गाडी तीन इंच उचलली.
उचलल्यावर चाकांवर दिसू लागली पोकळी,
वाढत्या मुलीच्या आखूड झग्याखालचे गुडघे दिसावेत तशी.
ती झाकायला काळ्या प्लॅस्टिकच्या भुवया मी काढल्या.
जाहिरातीत त्याला रुबाब म्हणाले.
ठिगळ होतं ते. माझं होतं.

काही हिवाळे गाडी खपली.
पोस्टमन, सुइणी, गावोगावचे गुरांचे डॉक्टर.
मग कंपनी विकली गेली,
आणि विकत घेणाऱ्यांना चिमण्या नको होत्या.

मागच्या फेब्रुवारीत बोहुमिल गेला.
शववाहिका लांब, काळी, त्या बड्या कंपनीची
जिथले लोक प्रदर्शनात आमच्या गाडीखाली वाकून
खो खो हसले होते.
दफनभूमीच्या चढावर तिची मागची चाकं
बर्फाला पॉलिश करत राहिली.
कोणी काही बोललं नाही.
त्याच्या ल्युडमिलानं माझ्याकडे पाहिलं.

मी मागचं सीट पाडलं.
शवपेटी हातभर बाहेर राहिली,
रुफोलोनं दार दोरीनं बांधलं, ऐंशीच्या वयात, दातांनी गाठ आवळून.
अर्ध्या चढावर मागची चाकं सुटली.
क्षणभर गाडी कुणाचीच नव्हती.
मग पायांखाली कुठेतरी तेल आवळलं;
आवाज होत नाही त्याचा,
बैठकीतून कळतं.

वर पोचल्यावर रुफोलो सवयीनं खाली वाकला,
गळतंय का बघायला.
गळत होतं. थोडंसं, मागच्या सीलमधून,
पहिल्या दिवसापासून गळायचं तिथूनच.

सोमवारी बघू, म्हणायचा तो.