डब्याला पट्टा

नळ स्टॉपच्या सिग्नलला एकदा मोजलं:
पुढंमागं अकरा गाड्या,
माणसंही अकरा.
बाराव्या गाडीत मी,
आणि शेजारच्या सीटवर डबा.

डबा जड असला की गाडी ओरडते,
तिला वाटतं, कुणी बसलंय.
म्हणून डब्याला पट्टा लावायचो.
सहा वर्षं, कोथरूड ते खराडी,
सव्वा टन लोखंडातून
भेंडीची भाजी सुखरूप पोचवली.

मग एकदा लिफ्ट अडकली
तिसऱ्या नि चौथ्याच्या मध्ये,
तेव्हा कळलं,
घैसासबाई पण खराडीलाच.
त्यांची गाडी माझ्या मागंच असायची बहुतेक.
एकाच ट्रॅफिकला आम्ही
वेगवेगळ्या काचांआडून शिव्या देत होतो.

आता एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा माझी.
शुक्रवारी वनाजहून मेट्रो, पुढं बस,
डबे मांडीवर.
भेंडीला आमसूल लागतं म्हणतात बाई.
मला चिंचच आवडते.
वाद येरवड्यापर्यंत पुरतो.

काल सिग्नलला शेजारच्या गाडीत
एक लॅपटॉपची बॅग दिसली,
पट्टा लावून ताठ बसलेली.
काच खाली केली,
विचारणार होतो, "कुठं निघालात?"

तेवढ्यात हिरवा पडला.