उरवाईचा चढ

पहाटे साडेपाचला टेम्पो नसतात, तेव्हाच जमतं.
सलवारीच्या मोऱ्या मोज्यांत खोचून
कोटेश्वराकडून निघते मी किल्ल्याकडे,
चोवीस इंची एका चाकावर.
दुधाचा कॅन लावलेला बुलेटवाला रोज विचारतो,
‘मैडम, दूसरा पहिया किश्तों में आएगा?’
रोज हसते. बोलायला श्वास लागतो,
तो पुढच्या वळणासाठी राखून ठेवलेला असतो.

चाक मेळ्यातल्या सर्कशीचं.
त्या हिवाळ्यात गॅलरीत माणसांपेक्षा फळ्या जास्त,
तंबू निघाला तेव्हा थलश्शेरीची देवूट्टी
ट्रकमध्ये जागा नाही म्हणून माझ्या दारात ठेवून गेली.
पायडल वर-खाली, सरळ उभं आलं
की हाडकुळ्या बोटाने दाखवायची: ‘इधर मरा है.’
तिथे सगळं वजन आसात जिरतं, फिरत काही नाही.
मी हिशेब केला:
सहा फुटांत दोन मरणं.
चढावर मात्र तिने कधी चालवलं नव्हतं.
तिचं सगळं आयुष्य लाकडी गोलावर गेलं.

चढाचं मी शोधलं.
पडून शोधलं, कोपराला अजून खूण आहे.
चढावर चाक टेकतं ते आसाच्या बरोबर खाली नाही,
किंचित पुढे, डोंगराच्या बाजूला.
तेवढंच पुढे आपणही जायचं.
रस्ता कितीही कलला तरी ओळंबा कलत नाही.

क्रँक लांब करून दिले हजिऱ्याच्या लतीफ मिस्त्रीने.
‘लंबा डंडा, सस्ता पहाड़.’
वीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी तराजू पुसले, तरफा मोजून कपाटात ठेवल्या,
इतक्या स्वस्तात कुणी समजावलं नव्हतं.

आता दुसरं वळण.
इथून दोन्ही कड्यांत ते उभे:
हात सरळ, गुडघे सरळ, चेहरे कधीच फोडलेले.
इथे माझं बासष्ट किलो पुरत नाही.
मग खोगीर दोन्ही मुठींत धरायचं
आणि वर ओढायचं, स्वतःला उपटून काढावं तसं.
वर जितकं ओढाल तितकं पाऊल खाली जड होतं.
हे पुस्तकात होतं. दंडात उतरायला अकरा महिने लागले.

पायडलं आडवी. थांब.
अर्धा श्वास, दोन्ही पाय सारखे.
चाक बोटभर मागे, बोटभर पुढे,
एवढीशी थरथर, तिच्यावर सगळं तोललेलं.
ते कड्याला पाठ जोडून उभे आहेत.
माझ्या पाठीला हवा.
थरथर थांबली की मी पडते.

मेलेल्या जागेवरून आधीच्या ढकलीने सरकायचं,
उधारीवर. जोर नाही, वेग थोडा शिल्लक, तेवढ्यावर.
नाकासमोर बघायचं नाही, दहा हात पुढचा दगड बघायचा.
तोही संपला की पुढचा.

काल तिसऱ्या वळणावर उतरावं लागलं.
आज नाही.
वर पोचल्यावर काही झालं नाही;
माकडं, एक बंद चहाची टपरी, ग्वाल्हेर अर्धं धुक्यात.
पाणी प्यायले.

आणि मग उतार, ज्याबद्दल कुणी विचारत नाही.
या चाकाला ब्रेक नाही, मोकळं फिरणंही नाही.
खाली जाताना प्रत्येक फेऱ्याला
गुडघ्यांनी ‘नाही’ म्हणत राहायचं.
बुलेटवाला रिकामा कॅन घेऊन परत येत होता.
थांबला. या वेळी काही विचारलं नाही,
फक्त गाडी न्यूट्रलला टाकून
माझ्या शेजारून, माझ्या वेगाने,
फाटकापर्यंत आला.