खिसे रिकामे करा

आधी खिसे रिकामे करायचे.
किल्ल्या, नाणी, फोन, घड्याळ.
गळ्यातला क्रूस राहू द्या, त्यावर काही लिहिलेलं नसतं.
दिवसातून दहाबारा वेळा मी हे म्हणतो
कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ,
ओतारच्या बेकरीवरच्या खोलीत,
जिथे सहा संगणक, सहा कप्पे
आणि माझ्यावरही नजर ठेवणारा एक कॅमेरा आहे.
कुणी कुठली परीक्षा द्यावी
हे सांगायची मला मनाई आहे.

तोर्निके आला तो थेट सगळ्यात वरच्या परीक्षेला.
वय बावीस, नोकरी आठ महिन्यांची.
फी आईनं भरलेली, बारीहून,
जिथे ती एका परक्या म्हातारीला
उठवते, भरवते, निजवते.
तीनशे डॉलर.
म्हातारीच्या किती आंघोळी, याचा हिशेब मी केला नाही.
पोरानं दोन हजार प्रश्न घोकले होते,
जिना चढतानाही ओठ हलत होते.
उतरताना हलत नव्हते.
काय विचारलं ते सांगायचं नसतं, तरी त्यानं सांगितलं:
पहाटेचे तीन वाजलेत, डेटाबेस पडलाय,
वाटा दोन, दोन्ही महागाच्या,
कुठली धराल?
त्याच्या आयुष्यात ती पहाट अजून झालीच नव्हती.
पी हळद आणि हो गोरी, असं माझ्या मनात आलं
आणि लगेच लाज वाटली,
कारण नोकरीच्या जाहिरातीत 'तज्ज्ञ हवेत' एवढंच असतं,
'शिकाऊ हवेत' असं
कुणी छापत नाही.

त्याच आठवड्यात लमारा.
वय एक्कावन्न, पाणीपुरवठा खात्यात एकोणीस वर्षं,
अर्ध्या शहराची बिलं तिच्या हातून गेलेली.
परीक्षा निवडली होती अगदी तळाची, नवशिक्यांची,
जिथे विचारतात, सर्व्हर म्हणजे काय.
वेळ नव्वद मिनिटं. तिनं अठरा घेतली,
आणि मग नुसतीच बसून राहिली,
हात मांडीवर, पावाच्या वासात.
मला वाटलं चक्कर आली.
विचारू नये, पण विचारलं, हीच का?
म्हणाली, "सगळे पहिल्या पायरीवरूनच चढतात ना?"
एकोणीस वर्षं जी बाई
गच्चीवर उभी होती
ती जिना शोधत खाली आली होती.

दीड महिन्यानं ती पुन्हा आली.
या वेळी मधल्या दोन सोडून वरची.
कुणी सांगितलं, ठाऊक नाही. मी नाही. कॅमेरा साक्षी आहे.
खिशातून निघाली एक बॅटरी, खडीसाखर,
आणि रबर लावलेली जाडजूड वही.
वही आत नेता येत नाही, मी म्हणालो.
चार नंबरच्या कप्प्यात ठेवली.
कप्प्याचं दार नीट लागत नाही
आणि मी माणूस आहे.
१४ फेब्रुवारी, पहाटे ३.१०. बॅकअप उघडेना.
रडून घेतलं. मग जुन्या टेपवरून उचललं.
सात वाजता घरी, भांडी तशीच.
पानंच्या पानं.
कुठे वाळलेला चहा, कुठे एकच शब्द: माझीच चूक.

ती पास झाली की नाही
ते मी इथे लिहिणार नाही, तोही नियम आहे.
तोर्निके मात्र अधूनमधून दिसतो,
पाणीपुरवठ्याच्या रात्रपाळीला जाताना.
ओतारकडून दोन पाव घेतो, एक कुणासाठी ते बोलत नाही.
परवा विचारत होता, "आता कधी येऊ?"
मी कॅमेऱ्याकडे पाहिलं.
"वही घेतलीस का?" एवढंच म्हणालो.

माझाही एक अर्ज आहे, अर्धवट भरलेला.
नाव, पत्ता, जन्मतारीख झाली.
'अनुभव, वर्षांत' या रकान्यात
दोन आकडी जागा आहे
आणि कर्सर लुकलुकतोय.
लोकांचे खिसे सहा वर्षं पाहतोय,
हे कुठल्या पातळीचं धरायचं?
खाली ओतार हाक मारतोय, पाव निघाला.