काटा

सावद्याला केळीच्या काट्यावर मी पावत्या लिहिते.
एकवीस वर्षं, उजव्या हाताने.
गेल्या पौषापासून डाव्या.

उजव्याला झालेलं काही नाही.
भुसावळच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या,
जळगावच्यांनी यंत्रात घातला,
सगळे म्हणाले, शिरा ठीक, हाड ठीक.
हात कळण्याची भाकरी थापतो, वेणी घालतो,
फक्त पेन दिसलं की
मिटत नाही.

नामदार तडवी आमच्याकडे ट्रक भरतो. तो म्हणाला,
पालच्या वर, सुकीच्या काठी, जात्र्या बडवा आहे.
मी म्हटलं, माझा नाही असल्यावर विश्वास.
तो म्हणाला, त्याचाही नसेल तुमच्यावर,
चला तर.

बडवा झोपडीमागे शेळीच्या खुरातला काटा काढत होता.
तो निघेपर्यंत मला बसवून ठेवलं.
मग सूप आणलं, त्यात मूठभर ज्वारी,
मोहाचे चार थेंब भुईला दिले
आणि विचारलं, काय मागायला आलीस?

हात, मी म्हटलं.

त्याने चिमूट सोडली,
दोन-दोन करत दाणे सारले.
शेवटी एक उरला, एकटा.
हात तर तू घेऊन आलीस, म्हणाला. जा.

मी शंभराची नोट पुढे केली.
तो शेळीकडे बघत राहिला.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा भोंगऱ्याचा बाजार उठत होता,
पोरं ढोल खांद्यावर टाकून डोंगर चढत होती.
मी म्हटलं, झोप लागू दे.
पुन्हा एकटा दाणा.
हे तोंड बोलतंय, बडवा म्हणाला,
पोटाला विचारून ये.
शेवटची एसटी गेलेली. पालपर्यंत चालत आले,
आणि त्याला अख्खी वाट शिव्या देत आले.

ट्रक यायच्या आधी मी काटा शून्यावर आणते.
खालचा पाला झाडते, ओलं पोतं उचलते.
रिकाम्या काट्यावर किलोभर जरी राहिलं
तरी दिवसभराच्या पावत्या खोट्या.
हे मला एकवीस वर्षं माहीत आहे
आणि तरी.

तिसऱ्यांदा वैशाखात. सुकी आपल्या नावाला जागलेली.
घरून एक वाक्य पाठ करून आले होते,
सूप पाहिलं आणि ते गेलं.
जे आलं ते असं:

चित्री माझी धाकटी. अकरा दिवस नळ्या होत्या.
नळ्या काढायच्या कागदावर एक रकाना होता, नातं.
मी लिहिलं, बहीण. खाली सही केली.
अक्षर चांगलं आलं.
इतकं वळणदार मी पावतीवर कधी काढलं नाही.
हात बरा झाला
तर तो पुन्हा कशावरही सही करेल.
मला तो बरा नको आहे.

हे मी त्याला सांगत नव्हते.
मीही तेव्हाच ऐकत होते.

बडव्याने दाणे मोजलेच नाहीत.
कोंबडी सुपावर चढली, तिला खाऊ दिले.
नको हेही मागणंच, म्हणाला,
आज पुरं मागितलंस.
आता मी विचारतो. बरा करायचा?

मोहाची सावली शेळीच्या पाठीवरून उतरून
भिंतीपर्यंत गेली. तेवढा वेळ लागला मला.
मग हो म्हणाले.
त्याने तळहातावर फुंकर घातली,
चहावर घालतात तशी,
आणि उठून गवत आणायला गेला.

हात अजून पुरता मिटत नाही.
सात-आठ पावत्या, मग सुटतो.
काल दुपारी ट्रक नव्हते.
एका रद्द पावतीच्या पाठीवर
उजव्या हाताने मी तिचं नाव लिहिलं.
चि ओळीबाहेर गेला, त्रा फाटका.
अक्षर वाईट आलं.
ठेवलं.