एकोणतीसचा पाढा

खमीस म्हणजे गुरुवार,
पण तो येतो शनिवारी, सोमवारी, बुधवारी,
सकाळच्या पहिल्या पाळीला,
अंगाला लोबानाचा वास.
सूरच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं
गलबतांसाठी सागवान तासलेला माणूस,
आता खिडकीकडच्या चौथ्या मशीनचा.

मी आधी त्याच्या डाव्या हातावर तळवा ठेवते.
फिस्टुला जिवंत आहे ना, बघायचं असतं.
कातडीखाली रक्त गुणगुणतं
बाटलीत अडकलेल्या भुंग्यासारखं.
तो दरवेळी विचारतो, "इंजिन?"
मी म्हणते, "चालू."
सुया टोचून होईस्तोवर
उजव्या हातात जपमाळ आलेली असते.
तेहतीस मणी. मग परत पहिला.

चार तास
रक्त बाहेर जातं, धुऊन घरी येतं.
दर अर्ध्या तासाला मी प्रेशर लिहिते,
आणि एक गोष्ट लिहायची राहते,
तिला रकाना नाही:
माळ फिरू लागली की त्याचा श्वास लांब होतो,
आणि शेजारच्या खाटेवरच्या चिडक्या मास्तरांचाही.

क्रिएटिनिन तेवढंच आहे.
हे आधीच सांगून टाकते,
नाहीतर आमच्या कणकवलीची माणसं
लगेच अंगारा मागतील.

माझं दुखणं वेगळं.
औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
रात्री दोन चाळीसला
छातीत कुणीतरी धावत सुटतं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत असतं,
मी अंधारात स्वतःची नाडी धरून बसते.
एकशे अठरा. एकशे चोवीस.
ईसीजी निघाला
सुलेखनाच्या वहीसारखा.
डॉक्टर इद्रिसनी कागद उलटा ठेवला.
"हृदय ठीक आहे. तू बोलतेस कुणाशी?"
"पेशंटांशी."
"ती नोकरी झाली."

देव मी आणला नव्हता सोबत.
बाबा गेले त्या रात्री मी इथे ड्युटीवर होते,
तेव्हापासून हात जोडायला गेलं
की कोपर आखडतं.
एक्स-रेत त्याचंही काही येत नाही.

रमजानचा दुसरा आठवडा.
रोजा नको म्हणून डॉक्टर त्याच्याशी भांडलेले,
तो डॉक्टरांशी.
तिसऱ्या तासाला प्रेशर एकदम ऐंशीवर,
पोटऱ्यांत गोळे, ओठ राखेचे.
पाय वर केले, सलाईन सोडलं,
मशीन ओरडत होतं, माळ खाटेखाली पडलेली.
त्यानं माझा हात पकडला
आणि अंगठ्यानं माझ्याच बोटांची पेरं मोजू लागला.
एक पेर, एक नाव. एक पेर, एक नाव.

माझ्याकडे द्यायला काही नव्हतं.
तोंडातून निघालं ते
पडवीत दिवा लावल्यावर बाबा घोकून घ्यायचे ते:
एकोणतीस एके एकोणतीस,
एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,
त्रिक सत्त्याऐंशी, चोक सोळोदरसे...

नव्वद. शंभर. एकशे दहा.
मशीन गप्प झालं.
सलाईननंच झालं ते, मला माहीत आहे.
सलाईन मीच सोडलं होतं.

"तू कुठली दुआ म्हणत होतीस?"
"दुआ नव्हे, हिशेब. शाळेतला."
तो हसला, दोनच दात, तेही लांब-लांब.
"लाकडाला रंधा लावण्याआधी
मी पण मापंच पुटपुटायचो.
फळी कापायच्या आधी हात शांत हवा.
कशानं शांत झाला, हे फळी विचारत नाही."

मी वाकून माळ शोधली.
एक मणी टिचला होता.
त्यानं तोही मोजला.

आता दोन चाळीसला जाग येते तेव्हा
मी नाडी धरत नाही.
पेरांवर अंगठा ठेवते.
खाली पहाटेच्या जेवणाची भांडी वाजतात,
कुणाचं तरी बाळ रडून थांबतं.
सातव्याला मी हमखास चुकते, परत मागे येते,
बाबा पाटावरून खाकरल्यासारखे वाटतात,
आणि कोपर
अजून आखडतं,
पण थोडं कमी.